वीस अंश

कास्त्रोच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावरून
खाडी दिसते, आणि लाकडी खांबांवर उभी घरं.
ओहोटीला त्यांचे पाय चिखलात उघडे पडतात.
मी शेवटच्या वर्षाची, ऑक्युपेशनल थेरपीची इंटर्न.
फाइलमध्ये सतरा पानांचा शोधनिबंध,
हिरव्या शाईनं रेघा मारलेला.

त्यात होतं:
चांगल्या हातावर जाड हातमोजा चढवा.
रोज सहा तास, दोन आठवडे.
मग लुळ्या हाताला दुसरी वाट उरत नाही,
तो शिकतो.
एक्केचाळीस रुग्ण. फरक लक्षणीय.
'लक्षणीय'खाली माझ्या दोन रेघा.

दोन्या एर्मेलिंडा वेंचुर, वय एकाहत्तर.
डाव्या अंगावरून वारं गेलेलं.
तिनं इस्पितळाचा हातमोजा उलटसुलट करून पाहिला,
शिवण ओढली, नाक मुरडलं.
"हे यंत्राचं काम. अंगठ्याला टाके कमी घेतलेत."
साठ वर्षं ती कोळ्यांसाठी हातमोजे विणत आली होती,
आणि तो मी तिच्याच उजव्या हातावर चढवला.

तिसऱ्या दिवशी तिला कमरेची गाठ सुटेना.
नर्स पोचेपर्यंत उशीर झाला होता.
ती काही बोलली नाही. खाडीकडे बघत राहिली.
फरशी मीच पुसली.

रात्री चौथं पान पुन्हा काढलं, बारीक टाइपातलं:
मनगट स्वतःहून वीस अंश उचलणाऱ्यांनाच
अभ्यासात घेतलं होतं.
सकाळी कोनमापक लावला. आठ.
पुन्हा लावला. आठ.
एकदा नऊ आले, कारण मला हवे होते.
त्या एक्केचाळिसांत तिला जागाच नव्हती,
दारातूनच परत पाठवलं असतं.

ओदेत, माझी पर्यवेक्षक, माते पीत म्हणाली,
"निबंध खोटं बोललेला नाही.
तू निष्कर्षापासून वाचत मागे आलीस."
मग विचारलं, "ही बाई सकाळी उठून पहिल्यांदा काय करते?"
तीन आठवडे मी नऊ भोकांत नऊ खुंट्या मोजत होते.
मला ठाऊक नव्हतं.

लेमुई बेटावर तराफ्यानं गेलो, वारा आडवा.
स्वयंपाकघरात लाकडांची शेगडी, धूर,
टोपलीत काळेनिळे बटाटे, बोटांसारखे वाकडे.
तिला मिल्काओ करायचे होते,
अर्धे बटाटे किसलेले, अर्धे कुस्करलेले, मध्ये चरबी.
किसणी म्हणजे खिळ्यानं भोकं पाडलेला पत्रा.
उजवा हात किसत होता आणि पातेलं पळत होतं,
टेबलभर, तिच्या किसण्याच्या पुढे पुढे.

तेवढ्यात जावयानं कुत्र्याला आत घेतलं.
ती त्याच्यावर ओरडायला वळली
आणि डावा हात, कोपरापासून, ओल्या गोणीसारखा,
पातेल्याच्या काठावर पडला.
पातेलं थांबलं.
ती किसत राहिली, जावयाच्या सात पिढ्या काढत.
मी घड्याळ पाहिलं.
सांगितलं नाही; सांगितलं असतं तर हात लाजला असता.

नोंदीच्या कागदावर याला चौकट नव्हती.
समासात लिहिलं:
'पातेलं धरलं. नुसत्या वजनानं. अकरा मिनिटं.
कुणी सांगितलेलं नव्हतं.'
पुढच्या आठवड्यात पातेल्याखाली ओलं फडकं,
टेबलाचे पाय दोन बोटं कापून घेतले
(जावयानं, तक्रार करत).
ओदेतनं समास वाचला.
"किती जणांत पाहिलंस?"
"एकीत."
"मग अजून कुणी सापडतं का बघ," ती म्हणाली,
आणि खाली तारीख घालायला लावली.

सुट्टी मिळाली त्या दिवशी मनगट अकरा अंश.
पेन बारावर घुटमळलं.
अकरा लिहिले.

मार्चमध्ये तराफ्यावरून पुडकं आलं.
आत इस्पितळाचा हातमोजा,
अंगठा पार उसवलेला, नवीन तपकिरी लोकरीचे
चार टाके घेतलेले, सैल, वाकडे,
आणि सुई तशीच आत अडकलेली.
हे पुढे तू कर म्हणून पाठवलं,
की बघ, इथवर आले म्हणून,
चिठ्ठी नव्हती.
मला विणता येत नाही.